अपडेट आलं, रूट गेलं: पन्नास डॉलरच्या टॅबलेटवरची ओढाताण

एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, स्वस्तातला टॅबलेट रूट केला होता, रात्री चार्जिंगला लावला, सकाळी बघतो तर अपडेट झालेलं आणि रूट गायब. आता परत कसं मिळवू?" स्टेप बाय स्टेप सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत आणि पुढच्या अपडेटला ते शिळे होतात. मला त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत कंपनी रात्रीतून काही बदलते आणि तुम्हाला विचारतही नाही, हे सुरू कुठून झालं? आजचा एपिसोड त्यावर.

आधी एक शब्द समजून घेऊ. रूट म्हणजे युनिक्समधला मुख्य वापरकर्ता, ज्याचा नंबर शून्य असतो. शून्य नंबरवाल्याला सिस्टीम कशालाही नाही म्हणत नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, म्हणजे तुमच्याही फोनमध्ये हा शून्य नंबर आहे. फक्त तो तुम्हाला दिलेला नाही. वाडा तुमच्या नावावर, पण तळघराची किल्ली बिल्डरकडे, असा मामला.

आता २००८. अँड्रॉइडचा पहिला फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विक्रीला आला. काही दिवसांतच लोकांच्या लक्षात आलं की फोनच्या कीबोर्डवर तुम्ही जे टाइप कराल ते मागे एका अदृश्य खिडकीतही जातंय, आणि ती खिडकी रूटची आहे! म्हणजे मित्राला मेसेज लिहिताना 'रीबूट' हा शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर रीबूट व्हायचा. हसू येतं, पण अँड्रॉइडवरच्या रूटची सुरुवात या चुकीतून झाली. गूगलने नोव्हेंबरमध्ये 'आरसी३०' नावाचं अपडेट पाठवून ती बंद केली. मग लोकांनी काय केलं? जुनं 'आरसी२९' परत टाकलं आणि पुन्हा रूट मिळवलं. पुढच्या दहा-बारा वर्षांचा सगळा खेळ या दोन महिन्यांत दिसतो. भोक सापडतं, अपडेट ते बुजवतं, लोक मागे जातात, मग कंपनी मागे जायची वाटही बंद करते.

फोनवरून टॅबलेटवर येऊ. २०११ची दिवाळी आठवते का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे 'आकाश' टॅबलेटचा गाजावाजा झाला होता, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ॲमेझॉनने किंडल फायर आणला, १९९ डॉलरला. त्या काळात आयपॅड ४९९पासून सुरू व्हायचा. एवढं स्वस्त कसं परवडतं? जेफ बेझोस यांनी नंतर स्वतःच सांगितलं की हार्डवेअर आम्ही खर्चाच्या किमतीला विकतो, त्यावर नफा नाही. नफा पुस्तकं, सिनेमे, ॲप यांच्या विक्रीतून. म्हणून त्यात गूगलचं ॲपचं दुकान नव्हतं, ॲमेझॉनचं स्वतःचं दुकान होतं. गूगलचं दुकान हवं म्हणून लोकांनी तो रूट केला. डिसेंबरात ६.२.१ हे अपडेट आलं. वायफायवर असलेल्या टॅबलेटने ते आपलं आपण घेतलं, नको म्हणायचं बटणच नव्हतं. रूट गेलं. काही दिवसांत 'बरिटो रूट' नावाची नवी युक्ती आली. परत सुरू!

इथे मला दोन्ही बाजू दिसतात, आणि हे सांगितलंच पाहिजे. कंपनीने नफा न घेता स्वस्त वस्तू दिली ती तिच्या दुकानात खरेदी होईल या हिशोबाने. पण गिऱ्हाइकाला असा काही करार करतोय हे दुकानात कुणी सांगितलं होतं का? बॉक्सवर किंमत होती, मागची अट नव्हती. माझा कौल गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. हप्त्यावर घेतलेली गाडी आणि रोख पैसे मोजून घेतलेली गाडी यात फरक असतो, आणि हा टॅबलेट रोख घेतलेला होता.

कायद्याचं काय? अमेरिकेत १९९८चा डीएमसीए कायदा आहे. त्यात डिजिटल कुलूप तोडायला मनाई आहे, पण दर तीन वर्षांनी काही सवलती ठरतात. २०१०मध्ये फोनचं कुलूप उघडायला सवलत मिळाली. २०१२मध्ये टॅबलेटसाठीही मागितली गेली आणि ती नाकारली गेली. कारण ऐका. म्हणे 'टॅबलेट' म्हणजे नक्की काय, हेच धड ठरवता येत नाही. ई-बुक वाचायचं यंत्रही टॅबलेट म्हणता येईल, हातातला व्हिडिओ गेमही म्हणता येईल. म्हणजे तीन वर्षं अशी स्थिती होती की चार इंचांचा फोन रूट केलात तर चालेल, तीच सिस्टीम सात इंचांच्या पडद्यावर असेल तर चालणार नाही. (हा कायदा आपल्याकडचा नाही. पण ज्या कंपन्यांची यंत्रं आपण वापरतो त्यांच्या सवयी तिथेच घडल्या.)

आणि मग आला २०१५चा सप्टेंबर. ॲमेझॉनचा सात इंची 'फायर', किंमत ४९.९९ डॉलर. एक जीबी रॅम, आठ जीबी स्टोरेज, मीडियाटेकची चिप. पाच घेतले तर सहावा फुकट, अगदी साबणाच्या वड्यांसारखा! लॉक स्क्रीनवर जाहिराती होत्या, त्या नको असतील तर १५ डॉलर जास्त. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१५मध्ये, अमेरिकी कायद्याने टॅबलेटलाही सवलत दिली.

तर आता कायदा हो म्हणतोय. यंत्र काय म्हणतंय? सुरुवातीच्या ५.०.० आणि ५.०.१ या आवृत्त्यांमध्ये बूटलोडर भोळा होता. कॉम्प्युटरला जोडून बाहेरची रिकव्हरी चालवली की तो चालू द्यायचा. तिथून रूट म्हणजे पाच मिनिटांचं काम. ५.१.१ अपडेटने ही वाट बंद केली. काहींना जी१ची जुनी युक्ती आठवली, की मागची आवृत्ती परत टाकू. त्यांनी ५.०.१ टाकली आणि टॅबलेट कायमचा मेला. उघडत नाही, चार्जिंगचं चिन्हही नाही, नुसती काळी वीट. नव्या अपडेटने मागे जाणाऱ्याला अडवायची व्यवस्थाच केली होती. पन्नास डॉलर गेले म्हणून कुणी रडत बसलं नसेल, पण तत्त्व बघा: कायद्याने दिलेली सवलत म्हणजे कुलूप उघडायची परवानगी, किल्ली द्यायची सक्ती कुणावरच नाही.

अपडेट फक्त भोकंच बुजवतं असंही नाही. मार्च २०१६मध्ये लोकांच्या लक्षात आलं की फायर ओएस ५ने टॅबलेटमधला डेटा कुलूपबंद करायची सोय, म्हणजे एन्क्रिप्शन, काढून टाकलीये. त्याच आठवड्यांत ॲपल आणि एफबीआय यांचं आयफोनवरून भांडण चाललं होतं, त्यामुळे बोंब जास्त झाली. ॲमेझॉनने ती सोय परत आणायचं जाहीर केलं. सुरक्षेसाठी अपडेट घ्या असं आपल्याला सांगतात, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. या वेळी मात्र अपडेटनेच सुरक्षा नेली होती.

आता गोष्टीची दुसरी बाजू, जी रूटचे व्हिडिओ करणारे सांगत नाहीत. २०१९मध्ये एका टोपणनावाच्या डेव्हलपरने 'एमटीके-एसयू' नावाचा छोटा प्रोग्रॅम काढला. फायर टॅबलेट उघडायला म्हणून तो लिहिला होता. चालवला की काही सेकंदांत रूट. रीबूट केलं की जायचं, पण तेवढं पुरायचं. गंमत अशी की भोक ॲमेझॉनच्या सॉफ्टवेअरमधलं नव्हतंच, ते मीडियाटेकच्या ड्रायव्हरमध्ये होतं. म्हणजे तीच चिप असलेल्या ढीगभर स्वस्त फोनवरही ते चालत होतं. आपल्या गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात सात-आठ हजारांत मिळणारे फोन आठवा, त्यातल्या कितीतरी फोनमध्ये मीडियाटेकच असतं. मीडियाटेकने मे २०१९मध्ये दुरुस्ती तयार केली. ॲमेझॉनने आपल्या टॅबलेटवर ती लावली. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी लावलीच नाही, कारण विकून झालेल्या स्वस्त फोनवर खर्च कोण करणार? जानेवारी २०२०मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने प्ले स्टोअरवरची काही ॲप पकडली, जी हीच युक्ती वापरून फोनचा ताबा घेत होती आणि माहिती चोरत होती. शेवटी मार्च २०२०च्या अँड्रॉइड सुरक्षा अपडेटमध्ये गूगलने हे भोक सीव्हीई-२०२०-००६९ या नंबराने नोंदवलं.

म्हणजे तुम्हाला मालक करणारा दरवाजा चोरालाही तेवढाच उघडा. म्हणूनच रूट गेलं म्हणून चिडलेल्या श्रोत्याला मी सरळ 'अपडेट बंद ठेव' असं सांगत नाही. ज्या टॅबलेटवर बँकेचं ॲप आणि यूपीआय आहे त्यावर अपडेट घ्या, रूट विसरा. तसंही बँकांची बरीच ॲप रूट दिसलं की उघडतच नाहीत. कपाटात पडलेल्या जुन्या टॅबलेटवर मात्र हवं ते करा.

आणि एक शेवटचा किस्सा, माझा आवडता. चिपच्या आत बूट रॉम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. टॅबलेट चालू झाला की सगळ्यात आधी तो जागा होतो. तो कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरलेला, म्हणून बदलता येत नाही. २०१९मध्येच काही मीडियाटेक फायर टॅबलेटच्या बूट रॉममध्ये भोक सापडलं. तिथे पोचायला टॅबलेटचं मागचं झाकण उघडायचं, बोर्डावरचा एक बारीक ठिपका शोधायचा आणि तारेने तो जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकवून केबल जोडायची. झाकण उघडावं लागतं, म्हणून दूर बसलेल्या चोराला याचा उपयोग नाही. आणि भोक सिलिकॉनमध्येच आहे, म्हणून रात्री गुपचूप येणारं कुठलंही अपडेट ते बुजवू शकत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये सिम-लॉकचा इतिहास. तोवर, तुमच्या टॅबलेटच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख काय दिसते ते बघून मला व्हॉइस मेसेज करा. सगळ्यात जुनी तारीख कुणाची, ते वाचून दाखवतो.