रांगेतून निघालेला वारसा

पालघर स्टेशनबाहेर माहीमला जाणाऱ्या रिक्षांची रांग लागते. पुढची भरली की सुटते, नवी येणारी शेवटी उभी राहते. चालकाला सगळी रांग पाठ असावी लागत नाही. आपल्या पुढे कोण, मागे कोण एवढे पुरते. मधलीच एखादी बंद पडून बाजूला झाली, तर फक्त तिच्या दोन शेजाऱ्यांचे नाते बदलते. संगणकाच्या स्मृतीतही अशी यादी करतात. वर्णानुक्रमे लावलेला हजेरीपट वेगळा. येथे क्रम आपण ठेवू तसा राहतो.

या साध्या रांगेचा इतिहास अणुभट्टीपाशी सुरू होतो. माहीमच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावर, तारापूरचे केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. त्याच्या वीस वर्षे आधी नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड हा तरुण गणिती त्या देशाच्या पहिल्या अणुभट्टीची आकडेमोड करीत होता. नेहमीच्या रीतीने ती आवरेना, तेव्हा यदृच्छ आकडे घेऊन घटनांची नक्कल करणारी मॉन्टे कार्लो पद्धत वापरली गेली. नकलेचा हा नाद त्याला पुढेही सुटला नाही. ओले-योहान डाल याच्यासह त्याने 'सिम्युला' ही संगणकभाषा रचली. १९६५च्या सुमारास ती चालू लागली.

त्यांच्या विचारात एक उदाहरण होते पुलावरच्या टोलनाक्याचे. ट्रक आणि बस एकाच रांगेत. ट्रकमध्ये माल, बसमध्ये उतारू. पण पुढचा-मागचा कोण, ही नोंद दोघांनाही हवीच. मग ती दोनदा का लिहायची? १९६६च्या अखेरीस त्यांना सुचले की वस्तूचे दोन थर करावेत. 'दुवा' हा पायाचा थर एकदाच लिहायचा आणि ट्रक, बस हे वर्ग त्यावर उभे करायचे. हाच 'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा! 'सिम्युला ६७'मध्ये तो आला.

आपण मात्र तो प्राणी, सस्तन प्राणी, कुत्रा अशा उतरंडीने शिकवतो. आम्हीही शिकवला आहे. मुलांना वाटते, जीवशास्त्रातले वर्गीकरणच संगणकात उतरवले. मुळात प्रश्न रांग लावण्याचा होता.

या युक्तीला एक किंमत होती. दुवा वस्तूच्या अंगातच असल्याने ती एका वेळी एकाच रांगेत राही. नाक्यावरची बस दुरुस्तीच्या यादीत घातली, की नाक्याच्या रांगेतून आपोआप निघे. पुढे 'स्मॉलटॉक'मध्ये यादी हीच स्वतंत्र वस्तू झाली, तिचे नाव 'ऑर्डर्ड-कलेक्शन'. तीच वस्तू मग हव्या तितक्या याद्यांत राहू शकते. आत मात्र सहसा दुवे नसतात, सलग खणांची ओळ असते. दोन्ही टोकांना भर घालणे सोपे. मध्ये घुसवायचे तर इतरांना सरकवावे लागते. १९९८ साली 'जावा'ने दोन्ही प्रकार एकाच 'लिस्ट' या नावाखाली दिले.

वर्गात हे करून पाहता येते. दहा मुलांना क्रमांकाच्या बाकांवर बसवा आणि चौथ्या जागी नवा मुलगा आणा: सात जण उठतात. मग प्रत्येकाच्या हाती पुढच्या-मागच्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी द्या, हवे तिथे उभे करा आणि नव्याला तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये घ्या. त्याची चिठ्ठी नवी, जुन्यांपैकी फक्त दोनच बदलतात. आता विचारा, सातवा कोण? चिठ्ठ्यावाल्यांना पहिल्यापासून मोजत यावे लागेल. बाकांवरचा सातवा जागेवरूनच हात वर करतो.