मोठ्या बाईंना आपण काय देतो?



संवत्सरी होऊन क्षमापना झाली की दहा-अकरा दिवसांत पितृपक्ष लागतो. नामपूरला आमच्या गल्लीत घरोघरी पाने वाढली जातात, कावळ्याला घास ठेवला जातो. तेव्हा घरातली मुले हमखास विचारतात, "शेजारच्या आजीला जेवण ठेवतात. मग आपल्या मोठ्या बाईंना आपण काय देतो?"

मोठ्या बाई म्हणजे माझ्या आजेसासूबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आले आणि पहिल्या पुण्यतिथीला काय करायचे याची चर्चा घरात सुरू झाली, तेव्हा मुलांचा हा प्रश्न मोठ्यांचाही झाला. कोणी म्हणाले, स्थानकात नावाची फरशी बसवू. कोणी म्हणाले, सगळ्या नातेवाइकांना बोलावून गौतमप्रसादी करू. दोन्ही चांगलेच. पण आपल्या धर्मात गेलेल्या माणसाची आठवण काढायची ती नेमकी कशासाठी, हे आधी समजून घ्यावे असे मला वाटले.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, देह सुटल्यावर संसारी जीव चार समयांच्या आत नव्या जन्माच्या ठिकाणी पोहोचतो. समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान अंश. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात. म्हणजे आपण रडायला लागतो, त्याच्या आधीच आपले माणूस पुढच्या प्रवासाला लागलेले असते. म्हणून आपल्याकडे पिंड नाही, श्राद्ध नाही. आपण ठेवलेला घास तिकडे पोहोचत नाही. उरते ती अनुमोदना. त्या जीवाने जे चांगले केले त्याला मनापासून 'छान केले' म्हणायचे आणि जमेल तेवढे आपण करायचे.

हे पटायला किती कठीण जाते, याची कथा तर आपल्याच बागलाणातली आहे. आम्ही स्थानकवासी आणि मांगी-तुंगी दिगंबर क्षेत्र, पण मोठ्या बाई ती कथा आम्हाला नेहमी सांगत. श्रीकृष्णांचा देह पडला, तेव्हा मोठे बंधू बलदेव ते मानायलाच तयार नव्हते. भाऊ झोपला आहे असे समजून त्यांनी तो देह सहा महिने खांद्यावर वागवला. शेवटी एका देवाने वाळूतून तेल काढण्यासारखे अशक्य उद्योग करून दाखवले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. अंत्यसंस्कार तुंगीवर झाले आणि बलदेवांनी तिथेच दीक्षा घेऊन तप केले. जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे इ.स. 783 च्या ग्रंथात, बलदेवांचा हा शोक सविस्तर आला आहे. एवढ्या थोर पुरुषालाही सहा महिने लागले, मग आपल्याला वेळ लागला तर नवल काय! पण खांद्यावरचे ओझे खाली ठेवल्यावरच त्यांचे तप सुरू झाले, हे विसरायचे नाही.

मग आठवण ठेवायची कशी? मथुरेच्या कंकाली टेकडीत आणि आसपास जैन स्तूपाचे, प्रतिमांचे, आयागपटांचे जे अवशेष सापडले, त्यांवरच्या लेखांत बायकांची नावे पुष्कळ आहेत. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची आई, असे नाते सांगून दान नोंदवलेले आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या एका आयागपटावर वसू नावाच्या बाईने आपली आई लोणशोभिका हिचे नाव कोरवून घेतले. दोघी गणिका होत्या. आई, मुलगी, मुलगा आणि सगळ्या घरादारासह तिने अर्हतांसाठी देवकुल, सभा आणि 'प्रपा' करवली. प्रपा म्हणजे पाणपोई. समाजाने ज्या घराला मान दिला नसेल, त्या घरातल्या लेकीने आईचे नाव पाणपोईशी जोडून ठेवले आणि ते अजून वाचता येते.

आता मुंबईला येऊ. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कोणी पाहिला नाही? राजाबाई कोण हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या सुरतेच्या जैन घराण्यातल्या, प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद शेठ मुंबईच्या बाजाराचे राजे झाले. 1864 मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढी इच्छा सांगितली. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेठजींची मिळकत बुडाली. पण दिलेले दान टिकले. 1 मार्च 1869 ला पाया घातला गेला आणि नोव्हेंबर 1878 मध्ये 280 फूट उंचीचा मनोरा उभा राहिला.

लोक सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हते आणि सूर्यास्तानंतर त्या अन्न घेत नव्हत्या. घड्याळाचे ठोके ऐकून त्यांना संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळावी, म्हणून हा मनोरा. ही तोंडोतोंडी चालत आलेली हकीकत आहे. लोकांनी लक्षात काय ठेवले बघा. दोन लाख रुपये विसरले, कापसाची तेजी विसरली, पण एका आईचा नेम लक्षात राहिला.

आमच्या मोठ्या बाईंचाही असाच एक नेम होता. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात विहिरीचे पाणी होते. दुहेरी कापडातून पाणी गाळायचे आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायची, कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. पुढे नळ आला, फिल्टर आला, तरी त्यांचे गाळणे सुटले नाही. कांद्याच्या बाजाराच्या गावात जन्म काढून त्यांनी कांदा कधी तोंडात घातला नाही आणि खाणाऱ्याला कधी बोल लावला नाही.

म्हणून पुण्यतिथीला आम्ही असे ठरवले. सकाळी सगळ्यांनी मिळून एक सामायिक आणि चार लोगस्सचे ध्यान. मग घरच्या घरी गुणानुवाद, त्यात लेकी-सुना-नातवंडे प्रत्येकाने त्यांची एकेक गोष्ट सांगायची, हसू आले तर हसायचे. त्यानंतर प्रत्येकाने त्यांचा एक नेम वर्षभरासाठी घ्यायचा. कोणी चौविहार घेतला, कोणी रोजचे सामायिक. सर्वांत धाकट्याने ताटात न टाकण्याचा नेम घेतला. आणि उन्हाळ्यात बाजारपेठेत मातीच्या रांजणांची पाणपोई. पाणी रोज गाळूनच भरायचे, हे काम पाळीपाळीने घरातल्यांनीच करायचे, नोकरावर सोडायचे नाही. फरशीही बसेल सावकाश, पण तिच्यावर 'अमक्यांच्या पत्नी' एवढेच न लिहिता त्यांचे स्वतःचे नाव आधी येईल, हे सगळ्यांनी मान्य केले.

तर मुलांनो, मोठ्या बाईंना आपण काय देतो? त्यांना आता काहीच पोहोचत नाही. पण तहानलेल्या माणसाला पाणी पोहोचते, गाळलेल्या पाण्यातल्या जिवाला अभय पोहोचते आणि त्यांचा नेम तुमच्यापर्यंत पोहोचतो. आपल्या धर्मात पुण्यस्मरण म्हणतात ते यालाच.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आजी किंवा सासूबाई असतील, तर त्यांचा एखादा नेम आजच त्यांच्याकडून शिकून घ्या. त्या असताना केलेली अनुमोदना त्यांच्या कानापर्यंतही जाते.

जय जिनेंद्र.