ओंजळीतले बी आणि पिशवीतले बी

सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये १८७७ साली रबराची २२ रोपे आली. पुढे हेन्री रिडली यांनी तिथूनच मळेवाल्यांना बी पुरवले. त्या बागेत फिरताना मला गावाकडचे राखेत जपलेले बियाणे आठवते. शेजारणीला ओंजळभर देताना ना पावती, ना परवाना.

दुकानातल्या बियाण्याचे तसे नाही. १९६६च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर लेबल सक्तीचे केले. १९८३च्या आदेशाने विक्रेत्याला शुल्क भरून परवाना घेणे भाग पडले. बी उगवलेच नाही, तर दाद मागायला शेतकऱ्याच्या हाती तेच लेबल आणि पावती असते.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे विकायची मुभा दिली. फक्त ब्रँडच्या नावाने नाही. ओळखीत ओंजळ पुरते, अनोळखी माणसाला मात्र कागद लागतो.