गिटार : एक वाद्य, अनेक वारस

मुसलमानांनी युरोपला काय दिले, याची एक यादी आपल्या भाषणांतून आणि लेखांतून ठरून गेली आहे. कागद, बीजगणित, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि शेवटी गिटार. उलट बाजूला असेही लोक आहेत की ज्यांच्या लेखी गिटार म्हणजे शुद्ध स्पॅनिश, म्हणजेच ख्रिस्ती स्पेनची निर्मिती. दोन्हीकडे अभिमान भरपूर आहे; पण वाद्याकडे नीट पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. स्पॅनिश पद्धतीने हाताने घडवलेली एक गिटार समोर ठेवली आणि तिचे नाव, तिचा आकार, तिचे जोडकाम यांची चौकशी केली, तर उत्तर दोघांनाही अडचणीत टाकणारे निघते.

सुरुवात नावापासून करू. ‘गितार्रा’ हा स्पॅनिश शब्द अरबीतील ‘कीतारा’वरून आला आणि अरबीने तो ग्रीकांच्या ‘किथारा’वरून घेतला. म्हणजे नाव अरबांच्या हातून गेले खरे, पण मूळचे अरबांचे नव्हे. ऊदची गोष्ट वेगळी आहे. ‘अल्-ऊद’चा स्पॅनिशमध्ये ‘लाऊद’ झाला आणि युरोपभर पसरलेला ल्यूट हा त्याचाच वंशज. नावासकट आणि रूपासकट.

हा ऊद अंदलुसमध्ये प्रतिष्ठेला पोचवणारा माणूस म्हणजे झिर्याब. तो इ. स. ८२२ मध्ये पूर्वेकडून कॉर्डोव्हाच्या दरबारी आला. ऊदला त्याने पाचवी तार जोडली, लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरली, असे सतराव्या शतकात अल्-मक्करीने जुन्या ग्रंथांच्या आधारे लिहून ठेवले आहे. पण झिर्याबला गिटारचा जनक म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. ऊदची पाठ कलिंगडाच्या फाकेसारखी गोल, मान मागे वळलेली, आणि दांडीवर पडदे नाहीत. गिटारची पाठ जवळजवळ सपाट, कंबर आत गेलेली, दांडीवर पडदे पक्के बसवलेले. गिटार ही ऊदची लेक नव्हे. फार तर एकाच मोहल्ल्यात वाढलेली शेजारीण.

पण मोहल्ला एकच होता, हे विसरून चालणार नाही. तेराव्या शतकात राजा अल्फोन्सो दहावा याने करवून घेतलेल्या भक्तिगीतांच्या सचित्र पोथीत मूर पेहरावातला वादक आणि ख्रिस्ती वादक एकत्र बसून वाजवताना दाखवले आहेत. चौदाव्या शतकातील कवी हुआन रुइझ आपल्या काव्यात ‘मूर गिटार’ आणि ‘लॅटिन गिटार’ अशी दोन वाद्ये शेजारी शेजारी मोजतो.

सोळाव्या शतकात युरोपचे दरबार ल्यूट वाजवत असताना स्पेनचे दरबारी ‘व्हिवेला’ हे गिटारच्या घडणीचे वाद्य वाजवत होते. ल्यूट मूरांचा म्हणून स्पेनने तो टाकला, असा तर्क काही अभ्यासक करतात. पण सेव्हिल शहराचे कारागिरांसाठीचे नियम १५२७ साली छापले गेले, ते या तर्काला सहज मान तुकवत नाहीत. वाद्ये बनवणाऱ्याला उस्तादाचा परवाना हवा असेल तर त्याला परीक्षेत ल्यूटही करून दाखवावा लागे आणि जडावकाम केलेली मोठी व्हिवेलाही. या जडावकामाला शब्द वापरला आहे ‘तारासेआ’. तो अरबी ‘तरसीअ’वरून आलेला. राज्य बदलले होते, पण परीक्षेचा शब्द बदलला नव्हता.

याच काळात दुसरीकडे काय चालले होते? १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडले. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले; त्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. १५६७ साली फिलिप दुसऱ्याच्या राजवटीत हुकूम जाहीर झाला : अरबी बोलायचे नाही, जुना पेहराव करायचा नाही, हमाम बंद, आणि लग्नाकार्यातले ‘झांब्रा’ हे नाचगाणेही बंद.

या हुकमाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाच्या वृद्ध मोरिस्को गृहस्थाने ग्रॅनाडाच्या न्यायसभेच्या अध्यक्षांपुढे लेखी अर्ज मांडला. तरुणपणी तो तिथले पहिले आर्चबिशप तालावेरा यांच्या पदरी होता. त्याचे म्हणणे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. झांब्रा ही धर्माची गोष्ट नाही, या प्रांताची रीत आहे. धार्मिक मुसलमान तर तिच्यापासून दूरच राहत. खुद्द आर्चबिशप तालावेरांनी ख्रिस्ती मिरवणुकीत हे वादक चालवले होते. आणि अरबी बोलण्याने माणूस मुसलमान ठरत असेल, तर पूर्वेकडचे अरबी बोलणारे ख्रिस्ती कोण? भाषा आणि गाणे मातीचे असते, त्यावरून श्रद्धा मोजू नका, एवढेच त्याचे मागणे होते. आपल्या मातृभाषेवरचा हक्क ज्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो, त्यांना या अर्जातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको.

अर्ज फेटाळला गेला. १५६८ च्या अखेरीस आल्पुहारासच्या डोंगरात बंड पेटले, १५७१ पर्यंत ते चिरडले गेले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलण्यात आले. वाजवणारे गेले, घडवणारेही गेले असतील. मागे राहिले ते हातांना लागलेले वळण आणि काही शब्द.

आज आपण जिला शास्त्रीय गिटार म्हणतो, तिला तिचे रूप दिले ते आंतोनियो दे तोर्रेस या सुताराने. जन्म १८१७, अल्मेरियाजवळच्या ला कान्यादा या वस्तीतला, मृत्यू १८९२. अल्मेरिया हे कॉर्डोव्हाच्या खलिफांनी दहाव्या शतकात वसवलेले बंदर. पण तेवढ्यावरून तोर्रेसला मोरिस्कोंचा वंशज ठरवायला कसलाही आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याने वाद्याचा आकार मोठा केला, तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास स्थिर केली आणि वरच्या फळीखाली सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरून लावल्या. अशा पट्ट्या त्याच्या आधी सेव्हिल आणि कादिझचे कारागीर लावत होतेच. तोर्रेसने त्यांचा नेमका मेळ घातला.

ही वरची फळी, म्हणजे आपल्या सतारीची तबली म्हणा, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची असते आणि तारांचा सुमारे चाळीस किलोचा ताण सोसते. आवाजाचे मर्म तिच्यातच आहे, हे पटवण्यासाठी तोर्रेसने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याला त्याचे गुपित विचारले, तेव्हा त्याने अंगठा आणि तर्जनी पुढे करून दाखवली, अशी आठवण सांगितली जाते. जाडी बोटांना कळते, कागदावर उतरत नाही.

स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी घडते. लाकडी साच्यावर तबली उपडी ठेवायची, दांडी आधीच जोडायची, दांडीच्या टाचेत पाडलेल्या खाचांत दोन्ही बाजू बसवायच्या, लहान लहान ठोकळे सरसाने चिकटवत जायचे आणि पाठ शेवटी बंद करायची. उत्तर युरोपच्या बऱ्याच कारखान्यांत पेटी आधी तयार होते आणि दांडी नंतर बसते. इथे दांडी आणि देह पहिल्यापासून एकत्र वाढतात.

ग्रॅनाडात अलहम्ब्राकडे चढणारा ‘कुएस्ता दे गोमेरेझ’ नावाचा रस्ता आहे. गोमेरेझ हे गुमारा या बर्बर टोळीचे नाव. गिटार घडवणाऱ्यांच्या कार्यशाळांसाठी हा रस्ता ओळखला जातो. टोळी गेली, पाटी राहिली, आणि पाटीखाली हुनर चालू राहिले.

या वाद्यात आपलाही एक धागा आहे. ब्राझीलच्या शिसवी लाकडाच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली, तेव्हा आधीपासूनच वापरात असलेल्या भारतीय शिसवीवरची भिस्त आणखी वाढली; आज असंख्य गिटारींच्या पाठी तिच्याच असतात. आणि उस्ताद शेवटचा हात फिरवतो तो लाखेच्या पॉलिशचा, आपल्याकडचे सुतार ज्याला चपडा म्हणतात त्याचा. स्पॅनिशमध्ये लाखेला ‘लाका’ म्हणतात. संस्कृत ‘लाक्षा’ फारसीत गेली, फारसीतून अरबीत आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये. मराठीत ती लाख झाली.

म्हणून गिटार ‘आमची’ म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. नाव ग्रीकांचे, उच्चार अरबांचा, जडावाचा शब्द अरबी, रूप एका स्पॅनिश सुताराचे, पाठीचे लाकूड आणि वरची लाख हिंदुस्थानची. नुन्येझ मुलेयने न्यायसभेपुढे जे मांडले आणि जे तिथे कुणी ऐकले नाही, ते या वाद्याच्या प्रत्येक सांध्यात टिकून आहे. मालकी सांगणारे हुकूम काढतात. वारसा मात्र काम करणाऱ्या हातांकडून हातांकडे जातो. आपल्या यादीत गिटार ठेवायचीच असेल, तर ती दिलेल्या देणगीच्या रकान्यात नको, वाटून घेतलेल्या श्रमाच्या रकान्यात ठेवू या.