गर्भधारणापूर्व आहार (मालवण किनारा)

गर्भधारणापूर्व आहार : अपत्याची इच्छा असलेल्या पतिपत्नींनी गर्भधारणेच्या आधीच्या काही महिन्यांत घ्यावयाचा पोषक आहार. गर्भिणी व बाळंतीण यांच्या खाण्यापिण्याची काळजी घेण्याची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. गर्भ राहण्यापूर्वीच्या आहाराचा विचार मात्र प्राचीन ग्रंथांत असूनही लोकव्यवहारात मागे पडला व विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाने त्यास पुन्हा महत्त्व दिले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्याच्या आहारपद्धतीत या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट दिसते.

प्राचीन विचार : बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात इच्छित अपत्यासाठी पतिपत्नींनी खावयाचे भाताचे प्रकार सांगितले आहेत, विदुषी कन्या व्हावी म्हणून तीळभात तुपासह खाण्याचा निर्देश त्यात आहे. सुश्रुतसंहितेत गर्भाला अंकुराची उपमा देऊन ऋतू, क्षेत्र, अंबू (पोषक रस) व बीज ही चार कारणे मानली आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषास मधुर औषधींनी सिद्ध केलेले तूप व दूध आणि स्त्रीस तेल व उडीद विहित आहेत. यांतील तपशील आज जसाच्या तसा ग्राह्य नाही. तथापि तयारी गर्भधारणेआधी आणि दोघांनीही करावयाची, हे तत्त्व लक्षणीय आहे.

किनाऱ्यावरील आहार : उकड्या तांदळाची पेज व भात, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, नारळ, आमसूल आणि मासळी हे येथील आहाराचे मुख्य घटक होत. पावसाळ्यात मासेमारी थांबली, की सुके बांगडे व सुकट उपयोगी पडतात. याच दिवसांत टाकळा व इतर रानभाज्या मिळतात. गोकुळाष्टमीला आंबोळ्या व काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी करण्याचा प्रघात आहे. विशेष पदार्थ मात्र प्रामुख्याने डोहाळजेवणापासून पुढे दिसतात. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू हे तर बाळंतिणीचेच मानले जातात. घरातील स्त्रीने सर्वांच्या मागून जेवण्याच्या रूढीमुळे मासळी व भाजीचा तिचा वाटा अनेकदा कमी राही. शिवाय पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस आणि पत्नी गावी, अशी अनेक कुटुंबांची स्थिती असल्याने पतिपत्नींचा आहार एका चुलीवरचा नसे. चाकरमानी गणेशोत्सवास व शिमग्यास गावी येई, तेवढाच त्यांचा सहवास घडे.

आधुनिक संशोधन : या विषयातील एक महत्त्वाचा शोध मुंबईतच लागला. तेथील कापडगिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील (१९८१ पूर्वी सिंधुदुर्गाचा प्रदेशही त्यातच मोडे) कामगार मोठ्या संख्येने होते. लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्रज संशोधिकेने १९२८ पासून मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांतील गर्भारपणातील रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजे फॉलेट होय, हे पुढे निश्चित झाले.

गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची पूर्वावस्था असलेली तंत्रिका नलिका गर्भधारणेनंतर सु. २८ दिवसांत, म्हणजे पुष्कळदा गर्भ राहिल्याचे स्त्रीला कळण्यापूर्वीच, मिटते. तिच्यातील दोष असलेले अपत्य पूर्वी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अम्ल दिल्यास त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणून गर्भ राहिल्यावर सुरू केलेला पोषक आहार या दोषापुरता उशिराचा ठरतो.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली, सु. दोन-तृतीयांश मातांत ब१२ जीवनसत्त्व कमी होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६–१२ या काळात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध यांचा अल्पोपाहार देण्यात आला. सर्व बालकांच्या सरासरी वजनात त्याने लक्षणीय फरक पडला नाही. परंतु गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने तो घेतलेल्या स्त्रियांच्या, विशेषतः ज्या अतिकृश नव्हत्या त्यांच्या, बालकांचे वजन काहीसे वाढलेले आढळले.

उपयोजन : या किनाऱ्याच्या नेहमीच्या अन्नातच पुष्कळसे पोषण आहे. १०० ग्रॅ. नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, कुळीथ व वाटाण्यांतून प्रथिने व फॉलेट, तर तारली, पेडवे, बांगडा यांसारख्या मासळीतून ब१२ जीवनसत्त्व, आयोडीन व ओमेगा-३ वसाम्ले मिळतात. मोरीसारख्या (लहान शार्क) भक्षक मासळीत पारा साठत असल्याने ती क्वचितच खावी. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा उकड्या तांदळात ब१ जीवनसत्त्व अधिक टिकते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. लिंबू वा आवळ्याने ते वाढते.

केवळ अन्नातून फॉलेट पुरेसे मिळेलच असे नाही. म्हणून गर्भधारणेचा प्रयत्न सुरू केल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. तंत्रिका नलिकेचा दोष असलेले अपत्य पूर्वी झालेले असल्यास अधिक मात्रा वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी लागते. शुक्राणू तयार होण्यास सु. अडीच महिने लागत असल्याने पुरुषानेही तितका काळ आधीपासून समतोल आहार घेणे आणि तंबाखू व मद्य वर्ज्य करणे इष्ट होय. स्त्रियांनी मशेरी सोडणेही तितकेच आवश्यक आहे. बाळंतिणीच्या ताटाला मिळणारा मान तिच्या आधीच्या ताटालाही मिळणे, हेच या दीर्घ इतिहासाचे व्यावहारिक सार होय.