नांदेडची वाट आणि निळा हिरा

निळा हिरा म्हटलं की वॉशिंग्टनच्या संग्रहालयातला 'होप' आठवतो, आणि पाठोपाठ त्याचा शाप. मी मात्र नांदेडपासून सुरुवात करतो. झां-बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सहा वेळा पूर्वेकडे आला. सुरतेहून गोवळकोंड्याची वाट त्यानं मुक्कामवार लिहून ठेवली आहे. औरंगाबाद, अंबड, आणि पुढं 'नादूर', म्हणजे आपलं नांदेड. इथं नदी ओलांडायची, गाडीमागं चार रुपये मोजायचे, वर अधिकाऱ्याचा लेखी परवाना घ्यायचा. हिऱ्याचा व्यापार म्हणजे हेच: बैलगाड्या, जकात आणि परवाने.

याच माणसानं १६६८च्या सुमारास सुमारे ११२ कॅरटचा निळा हिरा चौदाव्या लुईला विकला. तो हिरा गोदावरी उतरून गेला असं मी म्हणत नाही. ताव्हर्निएनं त्याचं चित्र छापलं, पण कुणाकडून घेतला ते लिहिलं नाही. अभ्यासक कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीकडं बोट दाखवतात.

आता रंग. न्यायशास्त्र शिकवताना आम्ही 'निळा घट' हे उदाहरण घ्यायचो. निळेपणा हा गुण, घट हे द्रव्य. इथं गंमत अशी की हिऱ्याचं द्रव्य कार्बन, पण निळेपणा त्याचा नाहीच. तो बोरॉनचा, दहा लाख अणूंमागं अगदी मोजक्या अणूंचा. असे हिरे दहा हजारांत फार तर दोन. २०१८च्या एका संशोधनानुसार यांतले अनेक सहाशे साठ किलोमीटरपेक्षाही खोल तयार झाले असावेत. लातूरकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, किल्लारीचा भूकंप दहा किलोमीटरच्या आसपासचा.

आणि रंगाला माणसं काय काय चिकटवतात! बृहत्संहितेत वराहमिहिरानं हिऱ्यांनाही वर्ण वाटून दिलेत: पांढरा ब्राह्मणाला, तलवारीच्या रंगाचा शूद्राला. तशाच पोलादी निळाईचा हिरा लुई गळ्याशी मिरवत होता. निळ्या रंगाला आपल्या मराठवाड्यात काय अर्थ आहे, ते मी सांगायला नको.

पॅरिसमधून हा हिरा १७९२मध्ये चोरीला गेला. आजचा ४५.५२ कॅरटचा होप त्याचाच पुन्हा कापलेला तुकडा. शापाची कथा पुष्कळ नंतरची. मूर्तीच्या डोळ्यातून चोरला, देव कोपला, ताव्हर्निएला कुत्र्यांनी फाडलं, वगैरे. प्रत्यक्षात तो ऐंशी ओलांडून मॉस्कोत वारला. विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांनी ही कथा रंगवली, आणि पिएर कार्तिएनं ती एव्हलिन मॅक्लीन या श्रीमंत गिऱ्हाइकाला ऐकवली. १९११मध्ये सौदा झाला. कथा मालाबरोबर विकली गेली, एवढंच.

मला खटकतं ते वेगळंच. हिरा मूर्तीच्या डोळ्यातून आला म्हटलं की खाण दिसेनाशी होते. ताव्हर्निए कोल्लूरला गेला होता. तिथं साठ हजारांच्या आसपास माणसं राबत होती असं तो लिहितो. पुरुष खणायचे, बाया आणि पोरं माती वाहून आणायची. ती धुवायची, वाळवायची, आणि मग टोपलीनं पाखडायची, खळ्यावर धान्य पाखडतात तशी. उरलेल्या मातीत हातानं चाचपत बसायचं. लुईचा निळा खडा बहुधा अशाच कुणाच्या तरी हाताला पहिल्यांदा लागला असेल.