सिलिंडरातील वायूचे गणित : एका नियमाचा इतिहास व त्याची मर्यादा

पंचवटी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेली असल्याने तेथील वायुभारमापकातील पारा 76 सेंटिमीटरपर्यंत चढत नाही. तो सुमारे 71 सेंटिमीटरांवर स्थिरावतो. क्रमिक पुस्तकातील दाब व घनफळ यांची उदाहरणे सोडविणारा विद्यार्थी मात्र 76 हाच आकडा गृहीत धरतो. नियम आणि वस्तुस्थिती यांमधील हे अंतर या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा दृष्टीस पडते.

रॉबर्ट बॉईल याने 1662 साली आपला नियम प्रसिद्ध केला. एका टोकास बंद असलेल्या वाकड्या काचनळीत तो पारा ओतीत गेला. पाऱ्याच्या स्तंभांतील फरक सुमारे 29 इंच, म्हणजे बाहेरील हवेच्या दाबाइतका, झाला, तेव्हा कोंडलेल्या हवेचे घनफळ निम्मे झाले. दाब दुप्पट, घनफळ अर्धे. तपमान स्थिर असले पाहिजे ही अट मारिऑत याने 1676 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनाशी सामान्यतः जोडली जाते. तपमानाचा परिणाम गे-ल्युसॅक याने 1802 मध्ये मांडला आणि क्लापेरॉन याने 1834 मध्ये हे सर्व संबंध एका समीकरणात गुंफले.

पोलादी सिलिंडर वापरात आल्यावर या गणितास व्यवहारमूल्य लाभले. रुग्णालयातील जंबो सिलिंडराची धारणशक्ती सुमारे 46.7 लिटर असते व तो 150 बार दाबापर्यंत भरलेला असतो. दाबमापक बाहेरील हवेपेक्षा अधिक असलेला दाबच दाखवितो. म्हणून काटा शून्यावर आला तरी सिलिंडरात बाहेरील दाबाइतका वायू शिल्लक राहतोच. तो वगळता 46.7 गुणिले 150, म्हणजे सुमारे 7,000 लिटर प्राणवायू उपयोगास येतो. मिनिटास 10 लिटर या हिशेबाने एका रुग्णास तो 700 मिनिटे, म्हणजे 11 तास 40 मिनिटे पुरेल. तेच सिलिंडर शंभर रुग्णांस त्याच प्रमाणात पुरवावयाचे झाल्यास ते अवघी 7 मिनिटे टिकेल.

तथापि हा नियम निरपवाद नाही. अँड्रूज याने 1869 मध्ये दाखविले की, प्रत्येक वायूस एक क्रांतिक तपमान असते व त्याखालीच दाबाने त्याचा द्रव होऊ शकतो. व्हान डर व्हाल्स याने 1873 मध्ये रेणूंचे आकारमान व परस्पराकर्षण हिशेबात घेऊन समीकरण सुधारले. प्राणवायूचे क्रांतिक तपमान उणे 118 अंशांच्या सुमारास आहे; म्हणून साध्या तपमानास सिलिंडरात तो वायुरूपच राहतो आणि 150 बार दाबासही बॉईलच्या नियमापासून काही टक्केच ढळतो. 1877 मध्ये कायते व पिक्ते यांनी तो प्रथम द्रवरूपात आणला आणि 1895 मधील लिंडे याच्या पद्धतीने हवेचे द्रवीकरण औद्योगिक प्रमाणावर शक्य झाले. एक लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो. मोठ्या रुग्णालयांनी द्रव प्राणवायूच्या टाक्या उभारल्या त्या याच कारणाने.

येथे मूलभूत भेद उत्पन्न होतो. सिलिंडरात दाब हा साठ्याचे माप आहे. टाकीत तो तसा नाही. द्रव व त्याची वाफ एकत्र असतात तोवर दाब तपमानावर अवलंबून असतो, शिल्लक राशीवर नव्हे. साठा जाणून घ्यावयाचा तर द्रवाची पातळीच पाहिली पाहिजे.

21 एप्रिल 2021 रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, पंचवटीच्या पलीकडच्या तीरावरील नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात अशाच टाकीतून गळती झाली. नळांतील दाब घसरला, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. टाकीच्या मोठेपणावरून अशा प्रसंगाचे उत्तर निघत नाही. टाकी बंद पडताच किती सिलिंडर, किती रुग्णांस, किती मिनिटे पुरतील, हा प्रश्न उरतो. आणि तो सोडविण्यास बॉईलचा नियम व साधा भागाकार पुरेसा आहे. मात्र ते उदाहरण आपत्तीपूर्वी सोडवून ठेवलेले असावे लागते.